शांततेच्या काळात अपघाती मृत्यू आलेल्या लष्करी वैमानिकाचा स्मृतिलेख कसा लिहावा

युद्धात कामी आलेल्या वैमानिकाविषयी लिहिताना घटनेची चौकट आधीच उभी असते. मोहिमेला नाव असते, लक्ष्य ठाऊक असते आणि पुष्कळदा शौर्यपदकाचे मानपत्रही हाताशी असते. सरावाच्या उड्डाणात, रात्रीच्या प्रशिक्षणात किंवा रसद पोहोचवण्याच्या नेहमीच्या फेरीत गेलेल्या वैमानिकाच्या बाबतीत यातले काहीच मिळत नाही. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात एक छोटी बातमी येते, तिच्या शेवटी चौकशीचे आदेश दिल्याचे वाक्य येते आणि त्यानंतर बहुधा शांतता पसरते. ही पोकळी भरून काढण्याच्या घाईत स्मृतिलेख एक तर रचलेल्या वीरकथेकडे झुकतात, नाही तर विमानावर, व्यवस्थेवर किंवा खुद्द वैमानिकावर ठपका ठेवण्यात संपतात. दोन्ही प्रकारांत त्या माणसाची सगळी नोकरी शेवटच्या अर्ध्या मिनिटात बुडून जाते. म्हणून आधी त्यांचे उड्डाणाचे आयुष्य मांडावे, अपघात नंतर आणावा आणि तोही जेवढा ज्ञात आहे तेवढाच आणावा, असे मला वाटते. पुढील मार्गदर्शन प्रामुख्याने भारतीय हवाई दलाच्या संदर्भात असले, तरी नौदल आणि भूदलाच्या वैमानिकांनाही त्यातील बहुतेक भाग लागू पडतो.

नोंदींचा कागद

लेखाचे पहिले वाक्य लिहिण्यापूर्वी एका कागदावर मूलभूत तपशील उतरवून घ्यावेत : सेवेतील पूर्ण नाव, अपघाताच्या दिवशीचा हुद्दा, प्रशिक्षणाचा कोर्स, स्क्वॉड्रन किंवा युनिट, विमानाचा नेमका प्रकार, विमानातील भूमिका, तारीख, उड्डाण कोठून झाले, अपघात कोठे झाला आणि सोबत कोण होते. प्रत्येक तपशिलासमोर तो कोठून मिळाला हे लिहावे. सर्व्हिस नंबर पडताळणीसाठी जवळ ठेवावा, परंतु तो छापण्याचे काही कारण नसते.

यातील प्रत्येक रकाना दिसतो तितका सरळ नसतो. जुन्या पिढीतील अधिकारी पायलट ऑफिसर या हुद्द्यावर कमिशन घेत, तर आजचे अधिकारी थेट फ्लाइंग ऑफिसर होतात; त्यामुळे जुन्या छायाचित्राखालचा हुद्दा चुकीचा वाटून तो ‘दुरुस्त’ करण्याचा मोह आवरावा. स्क्वॉड्रनच्या नावावरून विमान ठरवता येत नाही, कारण क्रमांक तोच राहतो आणि विमाने बदलतात. ‘गोल्डन ॲरोज’ म्हणून ओळखली जाणारी १७ क्रमांकाची स्क्वॉड्रन मिग-२१ उडवत होती, २०१६ मध्ये ती विसर्जित झाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये राफेलसाठी पुन्हा उभी राहिली. विमानाच्या प्रकारातही ‘मिग-२१’ एवढे लिहून भागत नाही. हवाई दलातील माणसे मिग-२१ एफएलला ‘टाइप ७७’ म्हणत आणि लॉगबुकातही तसेच सापडते, तर बायसन हे त्याच घराण्यातील बरेच नंतरचे आणि पुष्कळ वेगळे विमान होते.

भूमिकेबाबत तर विशेष काळजी घ्यावी. २४ मार्च २०१५ रोजी नौदलाचे डॉर्नियर विमान गोव्याजवळच्या समुद्रात कोसळले आणि त्यात लेफ्टनंट किरण शेखावत यांचा मृत्यू झाला. त्या ऑब्झर्व्हर, म्हणजे विमान न चालवता दिशादर्शन आणि टेहळणीची यंत्रणा हाताळणाऱ्या अधिकारी, होत्या. त्यांना वैमानिक म्हटल्याने त्यांचा सन्मान वाढत नाही, उलट ज्या कामासाठी त्यांनी प्रशिक्षण घेतले होते ते पुसले जाते. नॅव्हिगेटर, फ्लाइट इंजिनिअर, फ्लाइट गनर, सहवैमानिक ही सारी स्वतंत्र कामे आहेत आणि ती त्याच नावांनी लिहावीत.

विमानात आणखी कोणी असेल, तर त्या सर्वांची नावे लेखात एकदा तरी आली पाहिजेत. युरी गागारिन २७ मार्च १९६८ रोजी दोन आसनांच्या मिग-१५ प्रशिक्षण विमानात गेले, हे जगाला ठाऊक आहे. त्याच विमानातील प्रशिक्षक व्लादिमिर सेर्योगिन हे दुसऱ्या महायुद्धातील हल्लेखोर विमानांचे वैमानिक आणि ‘सोव्हिएत संघाचे वीर’ हा किताब मिळालेले अधिकारी होते, हे मात्र फारच थोड्यांना आठवते. कॅलिफोर्नियातील एडवर्ड्स हवाई तळाला ज्यांचे नाव आहे, ते कॅप्टन ग्लेन एडवर्ड्स ५ जून १९४८ रोजी वायबी-४९ या चाचणी विमानात मरण पावले. त्या विमानात पाच जण होते आणि मेजर डॅनियल फोर्ब्स हे त्यांपैकी एक. कॅन्सस राज्यातील तळाला पुढे फोर्ब्स यांचे नाव देण्यात आले, तरी उरलेल्या तिघांपर्यंत सामान्य वाचक क्वचितच पोहोचतो.

लॉगबुक हा लेखाचा कणा

कुटुंबाजवळ वैमानिकाचे लॉगबुक असेल, तर स्मृतिलेखासाठी त्याहून मोलाचे दुसरे साधन नाही. अपघातानंतर ते चौकशीसाठी ताब्यात घेतलेले असू शकते. ते परत आले आहे का, हे घरच्यांना हळुवारपणे विचारावे आणि परवानगी मिळाल्यास घरातच बसून त्याची टिपणे काढावीत, वही बाहेर नेऊ नये. प्रत्येक ओळीत तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, कॅप्टन कोण होता, सोबत कोण होते, कोणत्या कामासाठी उड्डाण झाले आणि हवेत किती वेळ गेला याची नोंद असते, तर महिन्याच्या शेवटी बेरजा आणि वरिष्ठांच्या सह्या असतात. वरवर पाहता हे आकड्यांचे रुक्ष रकाने वाटतात. सवय झालेल्या डोळ्याला मात्र त्यात माणूस दिसू लागतो.

पहिले एकट्याने केलेले उड्डाण शोधावे. त्याआधी प्रशिक्षकासोबत किती तास झाले होते ते पाहावे. नव्या प्रकारच्या विमानावर जाण्याचे प्रशिक्षण (कन्व्हर्जन) केव्हा झाले, रात्रीची उड्डाणे केव्हा सुरू झाली, उपकरणांवर विसंबून ढगांत उडण्याचे रेटिंग व्हाइट या खालच्या श्रेणीवरून ग्रीनवर आणि पुढे मास्टर ग्रीनवर कधी गेले, हे टप्पे नोंदवावेत. रिकाम्या जागाही वाचाव्यात. काही महिने उड्डाण नसेल तर त्यामागे आजारपण, जमिनीवरची नेमणूक किंवा एखादा अभ्यासक्रम असतो आणि त्याबद्दल विचारले की सहकाऱ्यांच्या आठवणी आपोआप सुरू होतात. तांबरमच्या फ्लाइंग इन्स्ट्रक्टर्स स्कूलमधून ते प्रशिक्षक होऊन बाहेर पडले असतील, तर सोबतच्या रकान्यात शिष्यांची नावे सापडतात. त्या शिष्यांपैकी काही जण पुढे वरिष्ठ अधिकारी झालेले असतात आणि पहिल्या प्रशिक्षकाविषयी बोलायला ते सहसा नकार देत नाहीत.

एकूण तासांचा आकडा देताना त्याचा अर्थही द्यावा. लढाऊ विमानाचे एक उड्डाण पुष्कळदा तासाभरातच आटोपते आणि त्यात क्षणाचीही उसंत नसते, तर मालवाहू विमानाची एक फेरी कित्येक तास चालते. म्हणून लढाऊ वैमानिकाचे हजार तास आणि मालवाहू वैमानिकाचे हजार तास यांची तुलना करून अनुभव कमी-जास्त ठरवणे चुकीचे आहे. ज्याला हे ठाऊक नाही, असा वाचक ‘फक्त आठशे तास’ वाचून वैमानिक नवखा होता असा समज करून घेतो.

पिढीचा संदर्भही लॉगबुकातूनच मिळतो. एचपीटी-३२ या पिस्टन इंजिनाच्या विमानावर प्राथमिक धडे घेतलेली पिढी वेगळी आणि २०१३ पासून पिलाटस पीसी-७ वर शिकलेली पिढी वेगळी. प्रगत जेट प्रशिक्षण विमान घ्यावे अशी शिफारस ला फाँतेन समितीने १९८२ मध्ये केली होती. तसे विमान, म्हणजे हॉक, प्रत्यक्ष दाखल झाले २००८ मध्ये. मधल्या पंचवीसेक वर्षांत अनेक तरुण किरणसारख्या सौम्य प्रशिक्षण विमानावरून मिग-२१ सारख्या अतिवेगवान विमानाकडे गेले. एखाद्या वैमानिकाचे प्रशिक्षण या काळातले असेल, तर या दोन तारखा लेखात द्याव्यात आणि तिथेच थांबावे. विशेषणांची भर घातली की तारखांचे वजन कमी होते, शिवाय त्याच एका अपघाताचे कारण हेच होते असा न सिद्ध झालेला निष्कर्ष वाचकाच्या गळी उतरतो.

कोणाशी बोलावे आणि काय विचारावे

पहिली परवानगी कुटुंबाची. पत्नी आणि आई-वडील वेगवेगळ्या घरांत राहत असतील, तर दोन्हीकडे स्वतंत्रपणे जावे, कारण एकाच माणसाच्या दोन घरांतील आठवणी क्वचितच जुळतात आणि त्या जुळवून घेण्याचे काम लेखकाचे नसते. पार्थिव कोणत्या स्थितीत आले, शवपेटी उघडली होती का, असे प्रश्न कधीही विचारू नयेत. ‘त्यांच्याविषयी सांगा’ असे मोघम म्हणण्यापेक्षा नेमके विचारावे : बदलीची बातमी ते घरी कशी सांगत, रात्रीच्या उड्डाणाच्या आधी दुपारी झोपत का, पत्रे लिहीत की फोन करत, उड्डाणाबद्दल घरी किती बोलत. नेमक्या प्रश्नांना नेमकी उत्तरे मिळतात, आणि ‘ते फार हसतमुख होते’ या वाक्याच्या जागी खरा माणूस उभा राहतो.

कोर्समेट, म्हणजे एकाच तुकडीत प्रशिक्षण घेतलेले सोबती, आणि स्क्वॉड्रनमधील सहकारी टोपणनाव, कॉल साइन (रेडिओवरील ओळखनाव), क्रू रूममधील किस्से सांगतात. त्यांच्याकडून उड्डाणाची शैली समजून घ्यावी : ब्रीफिंग कसे देत, फॉर्मेशनमध्ये कसे उडत, स्वतःची चूक उड्डाणानंतरच्या चर्चेत (डीब्रीफिंगमध्ये) किती मोकळेपणाने मांडत. शेवटचा प्रश्न बराच काही सांगून जातो. वैमानिकांच्या जगात चूक मान्य करणारा माणूस विश्वासाचा मानला जातो.

ज्यांना कोणी विचारत नाही, असा एक गट मात्र नेहमी सुटतो. विमानाची देखभाल करणारे, उड्डाणापूर्वी शिडीवर चढून वैमानिकाचे पट्टे आवळणारे आणि विमान धावपट्टीकडे जाताना सलाम करणारे एअरमन तंत्रज्ञ अनेकदा त्याला जिवंत पाहणारे शेवटचे लोक असतात. हुद्द्याच्या उतरंडीमुळे त्यांची आठवण लेखात येत नाही, हे मला अन्यायाचे वाटते. मिग-२१ सप्टेंबर २०२५ मध्ये निवृत्त झाले, त्यामुळे त्यावर काम केलेले तंत्रज्ञ अजून भेटू शकतात. हंटर आणि नॅट या जुन्या लढाऊ विमानांच्या काळातील मंडळी मात्र झपाट्याने कमी होत आहेत. ज्यांना जुन्या अपघाताविषयी लिहायचे आहे त्यांनी लेखन लांबवले तरी चालेल, मुलाखती लांबवू नयेत.

अपघाताचा परिच्छेद

हा भाग सर्वांत शेवटी लिहावा आणि शक्यतो सर्वांत लहान ठेवावा. त्याआधी हाती असलेल्या माहितीचे तीन भाग करावेत : अधिकृतपणे सांगितले गेलेले, प्रत्यक्षदर्शींनी सांगितलेले आणि लोकांनी गृहीत धरलेले. तिसरा भाग लेखात येऊ नये. दुसरा आला तर ‘गावकऱ्यांनी सांगितल्याप्रमाणे’ असे स्पष्ट म्हणूनच यावा.

कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा, म्हणजे अपघाताच्या लष्करी चौकशीचा, पूर्ण अहवाल सहसा प्रसिद्ध होत नाही. कधी निवेदन येते, कधी संसदेतील उत्तरात किंवा समितीच्या अहवालात कारणाचा उल्लेख सापडतो, आणि या दोन ठिकाणांची भाषा एकच असते असे नाही. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांना घेऊन जाणारे एमआय-१७ व्ही-५ हेलिकॉप्टर कोसळले. हवाई दलाने १४ जानेवारी २०२२ च्या निवेदनात यांत्रिक बिघाड, घातपात आणि हलगर्जी या शक्यता नाकारल्या. दरीतील हवामान अनपेक्षितपणे बदलल्याने हेलिकॉप्टर ढगांत शिरले, वैमानिकाला दिशाभ्रम झाला आणि नियंत्रणात असलेले हेलिकॉप्टर डोंगरावर आदळले, असा त्याचा आशय होता. डिसेंबर २०२४ मध्ये संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीच्या अहवालातील तक्त्यात हेच कारण उड्डाण कर्मचाऱ्यांची मानवी चूक एवढ्याच शब्दांत आले. दोन्ही नोंदी अधिकृत आहेत. तरीही त्या हेलिकॉप्टरचे वैमानिक विंग कमांडर पृथ्वीसिंह चौहान यांच्याविषयी लिहिणारा लेखक तक्त्यातील शब्द उचलतो की निवेदनातील पूर्ण साखळी, यावर वाचकाच्या मनातील प्रतिमा ठरते. अशा वेळी पूर्ण साखळी द्यावी आणि तक्त्यातील शब्दही लपवू नयेत.

तांत्रिक संज्ञा आली की ती एका-दोन वाक्यांत उलगडून सांगावी. दिशाभ्रम म्हणजे गोंधळ किंवा घाबरणे नव्हे. बाहेर क्षितिज दिसेनासे झाले की आंतरकर्णातील तोल सांभाळणाऱ्या नलिकांना सावकाश होणारे वळण जाणवत नाही आणि विमान कललेले असतानाही शरीर ते सरळ असल्याची ग्वाही देते. हा अनुभव हजारो तास उडालेल्या वैमानिकालाही येऊ शकतो. एवढे स्पष्टीकरण नसेल तर वाचक ‘भ्रम’ हा शब्द अकुशलतेशी जोडतो.

वाचकाच्या मनात येणारा दुसरा प्रश्न म्हणजे ‘उडी का मारली नाही?’ मालवाहू विमानांत आणि बहुतेक सर्व हेलिकॉप्टरांत इजेक्शन सीट नसतेच, हे त्या विमानाच्या बाबतीत खरे असेल तर सरळ सांगून टाकावे. लढाऊ विमानात ती असते, परंतु तिलाही मर्यादा असतात. आधुनिक आसने शून्य उंची आणि शून्य वेगापासून काम करू शकतात, पण विमान जमिनीलगत वेगाने खाली येत असेल, कुशीवर कललेले किंवा उलटे झाले असेल, तर पॅराशूट उघडायला पुरेशी उंची उरत नाही. जुन्या आसनांना तर किमान उंची आणि वेग दोन्ही लागत. निर्णयासाठी मिळणारा वेळ काही सेकंदांचा असतो.

‘वस्ती वाचवण्यासाठी त्यांनी शेवटपर्यंत विमान सोडले नाही’ हे वाक्य अनेक लेखांत येते. ते कधी कधी शब्दशः खरे असते आणि तेव्हा त्याला रेडिओवरील संभाषण, फ्लाइट डेटा, सहवैमानिकाचा जबाब किंवा मानपत्र यांचा आधार असतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी उंचावर असताना तेजस या लढाऊ विमानाच्या उड्डाण-नियंत्रण यंत्रणेत आणि कॉकपिटच्या दाबनियंत्रणात बिघाड झाला, विमान वेगाने खाली येऊ लागले, तरीही विमान सोडून देण्याऐवजी त्याचे वैमानिक वरुण सिंह यांनी ते सुखरूप उतरवले. त्याबद्दल २०२१ मध्ये त्यांना शौर्यचक्र जाहीर झाले. पुढे कुन्नूरच्या अपघातात होरपळलेले हेच ग्रुप कॅप्टन वरुण सिंह १५ डिसेंबर २०२१ रोजी गेले. त्यांच्याविषयी असे लिहायला कागद उपलब्ध आहे. जिथे तो नाही, तिथे हे वाक्य लिहू नये, कारण ते खोटे ठरले तर सोबतच्या खऱ्या गोष्टींवरचा विश्वासही जातो.

कारण अज्ञात असेल तर अज्ञातच ठेवावे. गागारिन यांच्या अपघाताची २०११ मध्ये खुली झालेली कागदपत्रेसुद्धा हवामानाचा फुगा टाळण्यासाठी विमानाला अचानक दिलेले वळण हे केवळ सर्वाधिक संभाव्य कारण म्हणून सांगतात. माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, परंतु २००५ च्या कायद्याच्या कलम ८ मधील सुरक्षाविषयक अपवाद वीस वर्षांनंतरही लागू राहू शकतो, हे ध्यानात घेऊन संपूर्ण अहवालाऐवजी दिनांक, स्थळ, विमानाचा प्रकार असे मर्यादित प्रश्न विचारलेले बरे. कुटुंबाला चौकशीच्या निष्कर्षाविरुद्ध दाद मागायची असेल, तर ते काम स्मृतिलेखातून करू नये. त्यासाठी स्वतंत्र निवेदन लिहावे. सप्टेंबर २००१ मध्ये सुरतगडजवळ मिग-२१ च्या अपघातात गेलेले फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांच्या आई-वडिलांनी मुलाच्या नावाने हवाई सुरक्षेसाठी संस्थाच उभी केली.

देह न सापडल्यास

अशा वेळी भाषा आणखी जपून वापरावी. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला निघालेले एएन-१२ विमान १०२ जणांसह हिमाचल प्रदेशातील रोहतांग परिसरात नाहीसे झाले. अवशेषांचा पहिला माग २००३ मध्ये लागला आणि २०२४ मध्येही चार मृतदेह हाती आले. २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरला जाताना २९ जणांसह नाहीशा झालेल्या एएन-३२ चे अवशेष बंगालच्या उपसागरात सुमारे ३,४०० मीटर खोलीवर असल्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. विमान नाहीसे झाले त्या तारखेला ‘बेपत्ता झाले’ असे लिहावे, मृत म्हणून नोंद केव्हा झाली ते वेगळे लिहावे आणि शोध केव्हा लागला ते त्याहून वेगळे. या तीन तारखा एकत्र केल्या की मधल्या काळात कुटुंबाने काढलेली वर्षे लेखातून गळून जातात.

प्रसिद्धी, नावे आणि जपणूक

अपघातस्थळाची छायाचित्रे वापरू नयेत. कॉकपिटजवळ उभ्या वैमानिकाचे एक आणि गणवेशाबाहेरचे एक, अशी दोन छायाचित्रे पुरतात. मागे विमानाचा क्रमांक दिसत असेल तर ते तेच अपघातग्रस्त विमान असल्याचे गृहीत धरू नये. घराचा पत्ता, मुलांच्या शाळा, मिळालेली आर्थिक मदत हे सर्व वगळावे.

स्मारकांचा उल्लेख करताना निकष तपासावा. दिल्लीत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुल्या झालेल्या राष्ट्रीय युद्धस्मारकाच्या त्यागचक्रावर युद्धांत आणि लष्करी मोहिमांत प्राण गमावलेल्यांची नावे आहेत, म्हणून प्रशिक्षणातील अपघातात गेलेल्याचे नाव तिथे असेलच असे धरून लिहू नये. ब्रिटनमध्ये स्टॅफर्डशायर परगण्यात २००७ मध्ये उभारलेल्या सशस्त्र दल स्मारकावर मात्र १९४८ पासून कर्तव्यावर मृत्यू आलेल्यांची नावे, प्रशिक्षणात गेलेल्यांसह, कोरलेली आहेत. आपल्याकडे शाळेतील फलक, अकादमीतील करंडक किंवा रस्त्याचे नाव हा मार्ग अधिक वेळा चोखाळला जातो. फलकावर हुद्दा, नाव, युनिट, विमान, तारीख आणि ‘उड्डाण करताना’ एवढे पुरे, कारण दगडावर कोरलेले कारण पुढे दुरुस्त करता येत नाही.

लेख पूर्ण झाल्यावर प्रसिद्धीपूर्वी एक प्रत कुटुंबाला आणि एक प्रत त्याच विमानावर उडालेल्या एखाद्या निवृत्त वैमानिकाला वाचायला द्यावी. पहिले वाचन मनाला लागणारे शब्द शोधते, दुसरे तांत्रिक चुका. नंतर स्क्वॉड्रनच्या इतिहास-कक्षाकडे, शिकलेल्या शाळेच्या ग्रंथालयाकडे आणि कोर्समेटांपैकी एकाकडे छापील प्रत पोहोचवावी. प्रत्येक प्रतीच्या पहिल्या पानावर लेखनाची तारीख घालावी आणि नवी माहिती कळवण्यासाठी कोणाशी संपर्क साधावा तेही नमूद करावे.